बीकेसीत जॉब लागलाय, राहायचं कुठं? मुंबईतल्या बेळगावकरांनी सांगा

खानापूरचा_गडी: नमस्कार मंडळी. मुंबईत बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला जॉब लागलाय, ऑफिस जी ब्लॉकमध्ये. मामा कल्याणला असतात, ते म्हणतात आमच्याकडंच राहा, भाडं वाचेल. खरं मित्र म्हणतोय कल्याणहून रोज केलास तर दोन महिन्यात बॅग भरून चालुक्य एक्सप्रेसनं परत येशील. बांद्र्यातली भाडी बघून चक्करच आली ओ. नाव बांद्रा-कुर्ला आहे म्हणजे स्टेशनला उतरून चालत जाता येत असेल न्हवं?

निपाणीकर: चालत जायचं विसर बाबा. नावात दोन स्टेशनं हायत खरं दोन्ही लांब. लोकलचं काय, धक्के खात माणूस पोचतो, खरा जीव जातो तो स्टेशन ते ऑफिस एवढ्या तुकड्यात. कुर्ला वेस्टला शेअर रिक्षाची लाईन, वरनं पाऊस, पुढचा रिक्षावाला म्हणतो अजून एक पाहिजे आणि तू छत्री मिटवत चौथ्या सीटला लटकायचं. मिठी नदीकाठच्या खाजणात भराव घालून ही वसाहत केली, १९७७ पासून एमएमआरडीएकडं, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाकडं आहे. तेव्हा सगळी ऑफिसं दक्षिण मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला, सकाळी अख्खी मुंबई तिकडंच धावणार, ते कमी करायला म्हणून हे. मग एनएसई म्हणजे शेअर बाजार आला, त्याच्यावर नजर ठेवणारी सेबी आली, बँका आल्या, त्यांच्या मागनं गर्दीपण आली. रस्ते रुंद केलेत खरं गाडीवाल्यांसाठी, चालणाऱ्याला कोण विचारतंय.
आता मेट्रो ३ झालीय, बीकेसीपर्यंत ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तिच्यामुळं बरंच सुसह्य झालंय. कल्याणहून फास्टनं घाटकोपर, तिथनं मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथं गाडी बदलून बीकेसी. वळसा पडतो खरं कोरडा पोचतोस. दादरहूनपण मेट्रो ३ मिळते, फक्त रेल्वे स्टेशनातनं थोडं चालावं लागतं.

टिळकवाडीची_ताई: डबा ने रे, तिथल्या कॅफेत रोज जेवलास तर पगार तिथंच संपेल. आणि ऑफिसच्या जवळच खोली पाहिजे असा हट्ट धरू नको. आपल्या खडे बाजारात खाली दुकान वर बिऱ्हाड, तसं तिथं न्हाई, मेन ऑफिसांच्या भागात रात्री शुकशुकाट असतो. किराणा, भाजी सगळं बाहेर जाऊनच आणायचं. त्यापेक्षा घाटकोपर नाहीतर मरोळकडं दोघा-तिघांत खोली बघ.

कडोलीचा_जावई: बेंगळूर सोडून मुंबईला कशाला मरायला चाललायस मर्दा 😂

खानापूरचा_गडी: 😂 ऑफर तिकडनं आली दादा, काय करू.

निपाणीकर: आधी टायमिंग विचार. नऊला पोचायचं असेल तर कल्याणला लोकलमध्ये शिरतानाच घाम फुटेल, घाटकोपरच बघ. अकराची शिफ्ट असेल तर मामांकडं सहा महिने काढ, डिपॉझिटचे पैसे साठतील, मग बघ खोली.

खानापूरचा_गडी: हे बेस्ट. आजच एचआरला मेल टाकतो. मामीनं गॅलरीतला पसारा काढून माझ्यासाठी जागा केलीय म्हणे, त्यामुळं शिफ्ट अकराचीच निघू दे.