चौघांचा पॉडकास्ट, एकच खोली: माइक कोणते घ्यावेत?

चौकडी

मंडळी, आम्ही चौघं मिळून गप्पांचा पॉडकास्ट सुरू करतोय. सगळे एकाच टेबलाभोवती बसणार. खोली साधारण १० बाय १२ फूट, खाली फरशी, एका बाजूला मोठी खिडकी. लॅपटॉप विंडोजचा. बजेट अगदीच बेताचं.

डोक्यात तीन पर्याय आहेत. मधोमध एकच चांगला कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा माइक), किंवा हबला जोडलेले चार यूएसबी माइक, किंवा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि चार साधे माइक. पहिला सगळ्यात स्वस्त पडतोय. त्यात भागेल का? आणि तिसरा घ्यायचा तर काय काय लागतं ते सगळं सांगा, मागाहून "अरे, हे राहिलंच" नको.

कानसेन

पहिला सोडून द्या. तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. १० सेंटिमीटरवरचा माइक ८० वर गेला म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले. ते भरून काढायला गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) वाढवला की पंखा, खिडकीबाहेरची गाडी, फरशीवरून सरकलेली खुर्ची, सगळंच वर येतं. शिवाय ट्रॅक एकच. एकाच्या वाक्यावर दुसरा खोकला तर तो खोकला तिथेच कायमचा.

दुसरा पर्याय दिसायला सोपा, पण तापदायक. विंडोजवर रेकॉर्डिंगसाठी वापरतात तो एएसआयओ ड्रायव्हर सहसा एका वेळी एकच उपकरण घेतो. त्यातून मार्ग काढलात तरी प्रत्येक यूएसबी माइकचं घड्याळ वेगळं चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत ५० इतकाच फरक धरला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद होतात. सुरुवातीला टाळी वाजवून ट्रॅक जुळवाल, शेवटी प्रत्येक वाक्याचा प्रतिध्वनी ऐकाल.

म्हणून तिसराच. माइक डायनॅमिक (कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील) आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारे) घ्या. घुमणाऱ्या खोलीत कंडेन्सर जरा जास्तच प्रामाणिक असतो! स्वस्तात बेहरिंगर एक्सएम८५००, थोडं हात सैल सोडता आला तर शुअर एसएम५८. सॅमसन क्यू२यूला यूएसबी आणि एक्सएलआर (माइकच्या केबलचं तीन पिनांचं जोड) दोन्ही आहेत, त्यामुळे एखाद्याला एकट्याने घरून बोलायचं असेल तर तोच कामी येतो. सगळीकडे दिसतो म्हणून एसएम७बीच्या नादी लागू नका. त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि स्वस्त प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज मोठा करणारे भाग) तिथे सूंऽ असा आवाज करायला लागतात.

वायरमन

माइकचं वर आलंच आहे. इंटरफेस घेताना खोक्यावरचा आकडा वाचू नका, माइकची भोकं मोजा. स्कारलेट ४आय४च्या नावात चार आहे, पण माइक प्रीअँप दोनच. उरलेले दोन लाइन इनपुट, त्यात माइक चालत नाही. बेहरिंगर यूएमसी४०४एचडीला मात्र खरोखर चार प्रीअँप आहेत. यूएसबी मिक्सरचीही तीच गत: भोकं सहा-आठ असली तरी बरेच स्वस्त मिक्सर लॅपटॉपकडे सगळं कालवून दोनच चॅनेल पाठवतात. "मल्टिट्रॅक" (प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक) हा शब्द मॅन्युअलमध्ये सापडला तरच घ्या.

माझं मत विचाराल तर नवख्यांनी झूम पॉडट्रॅक पी४ हा रेकॉर्डर घ्यावा. चार माइक, चार हेडफोन, प्रत्येकाला आवाजाचं वेगळं बटण, आणि एसडी कार्डवर चार वेगळे ट्रॅक. लॅपटॉप टेबलावरून गेला की त्याचा पंखा आणि ऐनवेळचे अपडेट दोन्ही गेले.

बाकी सामान: ३ मीटरच्या एक्सएलआर केबल चार आणि एक जादा (अडचण निघाली की आधी केबलच बदलून बघायची), टेबलाला चिमटणारे आर्म चार, फोमच्या टोप्या चार, कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन चार. टेबलावरचे छोटे स्टँड घेऊ नका, कप ठेवला तरी धप्प ऐकू येतं. यूएमसी४०४एचडी घेतलात तर हेडफोनसाठी बेहरिंगर एचए४०० सारखा स्प्लिटर अँप लागेल. त्याची भोकं पाव इंची असतात, म्हणजे साध्या हेडफोनला चार अ‍ॅडॉप्टर. तुमचं "हे राहिलंच" बहुधा इथेच होतं.

चौकडी

पी४कडे कल आहे. पण खोली घुमते, अंड्यांचे ट्रे लावून फरक पडेल का? आणि शेजारच्याचा आवाज माझ्या माइकात येणारच ना?

कानसेन

ट्रेंनी काही होत नाही, पातळ पुठ्ठा आहे तो. जाड रजया, गाद्या, दुहेरी पडदे वापरा. लावायच्या कुठे, हे जास्त महत्त्वाचं. माइक बोलणाऱ्याकडे बघतो, म्हणजे त्याच्या पाठीमागची भिंत माइकच्या अगदी समोर येते. तिथे रजई टांगा. खिडकीवर पडदा, टेबलावर जाड चादर, खाली सतरंजी.

आवाज थोडा येणारच. माइक तोंडापासून चार बोटं ते एक वीत, आणि दोन माइकमधलं अंतर त्याच्या निदान तिप्पट. शेजारी शेजारी बसू नका, टेबलाच्या चार बाजूंना बसा. मग प्रत्येक माइकची पाठ समोरच्याकडे येते, आणि कार्डिऑइड पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. माइक अगदी तोंडासमोर रोखून नको, ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा, "प", "फ", "भ" फुटत नाहीत.

एडिटिंगमध्ये, जो बोलत नाही त्याचा ट्रॅक ८-१० डेसिबलने खाली घ्या. कडक नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं फिल्टर) लावू नका. मराठीत वाक्याचा शेवट हळू पडतो, "आहे"मधला "हे" गेट गिळून टाकतं.

वायरमन

फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) बंद ठेवा, डायनॅमिकला ती लागत नाही. लेव्हल लावताना "हॅलो, हॅलो" म्हणून फायदा नाही, कारण त्या वेळी सगळे शहाण्यासारखे बोलतात. चौघांना मोठ्याने हसायला लावा. नेहमीच्या बोलण्याची टोकं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, हसणं लाल दिव्याच्या खाली. कार्ड पी४मध्येच फॉरमॅट करा. तो दोन डबल ए बॅटऱ्यांवरही चालतो, पण लांब भाग असेल तर यूएसबी चार्जरवरच लावा.