सामाईक संगणकावर ब्राउझरमधील पासवर्ड सुरक्षित कसे ठेवावेत?

प्रश्न: घरातील एकच संगणक आम्ही चौघे एकाच विंडोज खात्यातून वापरतो आणि त्या खात्याला पासवर्ड नाही. बँक, वीजबिल व रेल्वे आरक्षणाचे पासवर्ड मी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये साठवले आहेत. परवा मुलाने सहज सेटिंग्ज उघडल्या, तेव्हा ते सर्व त्याला वाचता आले. सोय न गमावता हे टाळता येईल का?

उत्तर १: फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा विभागात ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवता येतो, २०२० पर्यंत त्याला ‘मास्टर पासवर्ड’ म्हणत असत. तो ठेवल्यावर साठवलेले पासवर्ड त्याच्या आधारे कूटबद्ध (त्याच्याशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात) होतात आणि ब्राउझर सुरू केल्यावर, पासवर्डची प्रथम गरज पडते तेव्हा, तो एकदाच विचारला जातो. मात्र तो विसरल्यास परत मिळत नाही आणि रीसेट केल्यास साठवलेले सर्व पासवर्ड पुसले जातात, म्हणून मी तो कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे. यात मला काहीही गैर वाटत नाही.

उत्तर २: एकदा दिलेला प्रायमरी पासवर्ड ब्राउझर बंद होईपर्यंत लागू राहतो, त्यामुळे उठताना ब्राउझरची खिडकी उघडी ठेवल्यास त्याचा उपयोग नाही. माझ्या मते प्रत्येकाला पासवर्डसह स्वतंत्र विंडोज खाते देणे हाच खरा उपाय आहे.

उत्तर ३: पासवर्डची सीएसव्ही फाइल (ब्राउझरमधून बाहेर काढलेली साध्या मजकुराची यादी) पूर्वी काढली असल्यास ती आधी नष्ट करावी, तिच्यात सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात.

प्रश्नकर्ता: तशी एक फाइल डेस्कटॉपवरच सापडली!