घोड्याचे फोटो धंदा म्हणून काढायचे हायेत, सुरवात कशी करू?

वऱ्हाडी_क्लिक: भाऊ, मी दर्यापूरकडचा, लग्नाचे फोटो काढतो, आता मले घोड्याचंच काम करायचं हाय. एकानं विक्रीसाठी फोटो मागतले पण जवळून काढलं की डोकं मोठं न मागचं अंग बारीक दिसते, काय करू?

लगाम: वाइड लेन्सनं जवळून तसंच दिसन. दूर उभे राहा, ७०-२०० ची झूम लेन्स लावा, कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर, घोडा कॅमेऱ्यासमोर बाजूनं पूर्ण आडवा उभा, चारही पाय दिसले पायजे. मारवाडी जातीच्या घोड्याचे कान टोकाला आत वळतात, गिऱ्हाईक पयले तेच पाहते, म्हणून समोर कोणाले कडब्याची पेंढी हलवायले लावा, कान उभे झाले की क्लिक.

सातपुडा: धावताना शटर १/१००० सेकंदाहून जलद ठेवा. चारही पाय हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झाल्यावर येते, मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं १८७८ मध्येच फोटो काढून दाखवलं. भर दुपारी काळा घोडा काढू नका. फ्लॅश बिलकुल नको, बिचकते जनावर.

वऱ्हाडी_क्लिक: न गिऱ्हाईक?

लगाम: दत्तजयंतीले नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जा, मालकाईले विचारूनच काढा, रेट आधी बोला.