पटाशीच्या मुठी करा की!

एकाने विचारलंय की लाकडाच्या चार-पाच इंची उरलेल्या तुकड्यांचं करायचं काय, जाळायला जीवावर येतं. अहो मग कानस, पटाशी, स्क्रूड्रायव्हर यांच्या मुठी करा ना लेथवर (लाकूड गोल फिरवत कापायचं यंत्र), त्याला एवढाच तुकडा लागतो, फक्त लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून हव्यात, आडव्या रेषांची मूठ एक दिवस हातात मोडणार हे नक्की. पुढच्या टोकाला पितळी पाइपची रिंग घट्ट बसवली की ठोकताना मूठ चिरत नाही.

अगदी बारीक तुकडे असतील तर चिकटवून ठोकळा करायचा, पण दोनाऐवजी तीन थर घ्या, कारण दोनच असले तर लेथच्या सेंटरचं (ठोकळा टोकाकडून धरणारा अणकुचीदार भाग) टोक बरोब्बर जोडावर येतं आणि घट्ट करत गेलं की तेच जोड फाकवतं. रेषा सगळ्या एका दिशेला, क्लॅम्प लावून रात्रभर ठेवून द्यायचं, घाई नाही. टोकाला टोक चिकटवू नका, तिथलं लाकूड ग्लू पिऊन टाकतं, जोड कच्चा राहतो.

जुन्या फर्निचरचे तुकडे असतील तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे बघा, आणि चिरलेला तुकडा लेथवर नकोच, कितीही सुंदर दिसला तरी. ठोकळा चौकोनी आहे तोवर स्पीड कमी, तोंडावर फेस शील्ड (नुसता गॉगल नाही!). पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) काढून ठेवा, बोटं अडकतात.

प्लायवूडचं मात्र मी टाळतो, पटाशीची धार फार लवकर जाते.