मदत हवी आहे: फिनलंडमधल्या लाकडी इमारती

मंडळी, जूनमध्ये चार दिवस हेलसिंकीत आहे आणि लाकडी बांधकामच बघायचं ठरवलंय. काम्पीचं शांततेचं चॅपल (२०१२) आणि ओदी ग्रंथालय (२०१८) पक्कं. पण ओदीला बाहेरून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्या असल्या तरी मुख्य सांगाडा पोलादी कमानींचा आहे. म्हणून खरी ओढ युवास्कुला शहरातल्या पूकुओक्का या निवासी इमारतीची. लाकडाच्या खोक्यांसारख्या खोल्या कारखान्यात बनवून एकावर एक रचल्यात, तब्बल आठ मजले! (आमच्या कोकणातल्या घराचे वासे वाळवीने खाल्ले, म्हणून जास्तच कुतूहल.) तिथे लोक राहतात, मग बाहेरून तरी नीट बघता येतं का? हेलसिंकीहून एका दिवसात जाऊन येणं झेपेल? आणि उघड्यावरचं लाकूड राखाडी पडतं, ते तसंच ठेवतात की तेल लावतात?