कॅलिफोर्निया सोडून टेक्सासला जावं का?

प्रश्न: यूएस आर्मीत २० वर्षं काढून निवृत्त झालो. व्हीएचं (माजी सैनिकांचं सरकारी खातं) डिसॅबिलिटी रेटिंग, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी, ७०%. सॅन डिएगोत भाडं भरलं की पेन्शनीत काही उरत नाही. टेक्सासमध्ये माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे म्हणतात. बायकोने खोकीसुद्धा आणून ठेवलीत! कोणी गेलंय का?

उत्तर १: खोकी बांधू नका अजून. पूर्ण माफी १००% रेटिंगवाल्यांना. ७०% ला घराच्या करपात्र किमतीतून फक्त १२,००० डॉलर वजा होतात, आणि तिथली घरपट्टी कंबरडं मोडते. राज्याचा आयकर मात्र नाही, त्यामुळे पेन्शनला राज्याची कात्री लागत नाही. डिसॅबिलिटीच्या पैशावर तसाही कुठेच कर नसतो.

उत्तर २: मुलांच्या फीसाठी हेझलवूडच्या (टेक्सासची माजी सैनिकांसाठीची कॉलेज फीमाफी) भरवशावर निघाला असाल तर आधी डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटतानाचा दाखला, काढून बघा; भरती कुठली ते त्यावर असतं. भरती होताना टेक्सासचे नसाल तर तो लाभ मिळत नाही. आम्ही हे सॅन अँटोनियोला सामान उतरवल्यावर वाचलं. बायको अजून ऐकवते.

प्रश्नकर्ता: माझी भरती न्यू जर्सीतली, म्हणजे फीचं गेलंच. आधी रेटिंग वाढवायचा अर्ज टाकतो. खोकी सध्या गॅरेजमध्ये.