दवाखान्यातली रांग कशी आवरावी? लवकर सांगा

वैतागराव: बायकोचा दवाखाना आहे, बाहेरचं सगळं मी बघतो. वेळ दहाची, लोक आठपासून पायरीवर. 'आमच्यामागून आलेला आधी आत कसा?' यावरून रोज भांडण. सोमवारी गावचा बाजार, परत तेच होणार. उपाय सांगा, उपदेश नको.

कोकणी_मेवा: कसला दवाखाना? डॉक्टर किती? नंबर लावता की येईल तो आत?

बिनसाखरेचा: ॲप घ्या. भावाच्या दाताच्या दवाखान्यात घेतलं, आता बाकडं रिकामं असतं.

ताईसाहेब: आजोबा येणार एसटीनं. ॲपमधली सव्वादहाची वेळ एसटीला कोण कळवणार?

बिनसाखरेचा: सुप्रभातचे मेसेज पाठवायला बरं जमतं आजोबांना!

सरकारी_चष्मा: २०२२ पासून आभाची (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) स्कॅन-शेअर सोय आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की नोंदणीचं टोकन मिळतं.

कोकणी_मेवा: ती केसपेपरची रांग झाली. यांची डॉक्टरांच्या दारात तुंबलीय. वैतागराव, आहात का?

वैतागराव: डोळ्यांचा. डॉक्टर एकच. येईल तसा नंबर, पण थेंब घातलेल्यांना मध्ये घ्यावंच लागतं ना.

ताईसाहेब: अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! मी चष्म्याचा नंबर तपासण्याचंच काम करते. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं जातात, तोवर तो माणूस बाकड्यावरच, आणि परत आत गेला की बाकीच्यांना वाटतं घुसला. टोकनं दोन रंगांची करा. नव्यांना पांढरं, थेंबवाल्यांना पिवळं. दोन पांढऱ्यांमागे एक पिवळं, असं दारावर ठळक लिहा. चष्म्याचा नंबर थेंबांआधी काढून घ्या. पडदा तपासायला आलेले शुगरवाले सकाळी पहिले घ्या, त्यांचे थेंब चढेपर्यंत बाकीचे उरकतात. पण वेळ वाचवायला दारातच सरसकट थेंब घालू नका. डोळ्यातलं पाणी निचरतं तो कोन अरुंद असला तर डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. मॅडमनी आधी बघायलाच हवं.

गणितमास्तर: दवाखान्यातल्या रांगांचा अभ्यास करणाऱ्या बेली आणि वेल्च यांनी १९५२ मध्येच सांगितलंय: सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. अर्थात डॉक्टर दहाला खुर्चीत हवेत.

वैतागराव: तो विषय नको, ती पण हे वाचते. रंगीत टोकनं आजच छापायला टाकतो.

नवा_गडी: थेंब घातल्यावर गाडी चालवता येते का? उद्या सासऱ्यांना नेतोय.

ताईसाहेब: काही तास नाही. त्यांना मागे बसवा, आणि गॉगल न्या.